गाण्यातली साखळी

एल्गिन प्रूइटची उभ्या आयुष्यात एकच रेकॉर्ड निघाली. ज्याला ती आवडत नाही त्याला मी मासे तळून देतो, पैसे घेतो, पण त्याच्याशी गप्पा मारत नाही. आणि माझी सासू त्या रेकॉर्डचं नावही काढू द्यायची नाही. आमच्या घरात काय चालायचं ते यावरून समजून घ्या.

रेकॉर्डचं नाव ‘खेचरा, जरा बस’. बाकीचे ब्लूज गाणारे दरवर्षी एक रेकॉर्ड काढतात आणि दरवर्षी थोडे थोडे बिघडतात. एल्गिनने एक काढली आणि पुन्हा लोकांचे ट्रॅक्टर दुरुस्त करायला लागला. मी नदीपलीकडचा, आर्कान्सॉचा. तिथे एका मित्राच्या घरी ती ऐकली आणि जेवण तसंच ताटात राहिलं. असा माणूस ज्या गावात राहतो ते गाव तरी बघून येऊ म्हणून इकडे मिसिसिपीत आलो, वर्नेलशी लग्न केलं आणि मासे तळायचं दुकान टाकलं. वर्नेल म्हणते, "तू माझ्यासाठी नाही, त्या गिटारसाठी राहिलास."

एल्गिनच्या वाजवण्यात घाई म्हणून नाही. अंगठा खालच्या तारेवर ठोका धरून बसतो तो गाणं संपेपर्यंत हलत नाही. करंगळीत बाटलीच्या गळ्याचा तुकडा. तो वरच्या तारांवरून घसरत येतो तेव्हा बोलता बोलता कुणाचा तरी आवाज भरून यावा तसं वाटतं. शहरातली पोरं एका गाण्यात जेवढे सूर उधळतात तेवढे याने अख्ख्या रेकॉर्डमध्ये वाजवलेले नाहीत. पण जो वाजवलाय तो चुकवता येत नाही.

आणि सहावं गाणं, ‘खडीचा रस्ता’. लोक लांबून आमच्या गावात येतात ते या गाण्यासाठी. एल्गिन गात असतो, ‘सकाळी दार उघडलं, पाहतो तर काय...’ आणि मध्येच थांबतो. गिटारही थांबते. नुसता पाय फळीवर ठोका देत राहतो. मग लांबून साखळी खळखळत येते. जवळ येते, अगदी समोरून गेल्यासारखी, आणि दूर जाते. मग एल्गिन परत सुरू करतो, पण गात नाही, तारही छेडत नाही. तळहाताने गिटारच्या लाकडावर थापा मारत गाणं संपवतो. ती ओळ अर्धी राहते ती राहतेच.

हॉलंडहून एक उंच गृहस्थ आले होते. मासा काट्या-चमच्याने खाल्ला. त्यांनी मला समजावून सांगितलं की ही आमच्या गुलाम पूर्वजांच्या पायातली बेडी आहे, आणि एल्गिनने ती गाण्यात आणली हे केवढं मोठं काम आहे. मी म्हटलं, असेल बुवा. नंतर एल्गिनला विचारलं. तो ट्रॅक्टरखाली होता, तिथूनच हसला. "साखळी होती, एवढं खरं आहे," म्हणाला. मग पाना मागितला.

आता सासूबाईंचं. त्यांचं नाव आर्डेलिया, सगळं गाव त्यांना मिस डीलिया म्हणतं. त्यांचा नवरा रोझेल ढोल वाजवायचा. एल्गिन आणि तो लहानपणापासून जोडीने वाजवत. खेचराने लाथ मारल्यापासून रोझेलचा एक पाय लंगडा होता. ती रेकॉर्ड दोघांची व्हायची होती. शहरातले लोक रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन यायचे ठरलं, आणि त्याच आठवड्यात रोझेल गोठ्यात बसल्या जागी गेला. ज्या दिवशी त्याला पुरलं त्याच दिवशी मशीनवाले आले. एल्गिन चर्चमध्ये गेला नाही. बंद पडलेल्या किराणा दुकानाच्या ओसरीवर गिटार घेऊन मशीनसमोर बसला.

कबरस्तानाचा रस्ता त्याच ओसरीसमोरून जातो. मिस डीलियांनी गाडीच्या काचेतून त्याला पाहिलं. मी तेव्हा गावात नव्हतो, पण ही गोष्ट इतक्यांदा ऐकली आहे की मीच गाडीत होतो असं वाटायला लागलंय. "मांडीवर गिटार घेऊन बसलेला. उठला नाही. मेल्याने टोपीसुद्धा काढली नाही." त्यानंतर वीसएक वर्षं त्या त्याच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. शनिवारी दुकानात मी रेकॉर्ड लावली की त्या टोपलीभर मक्याचा पाव दारातूनच आत सरकवून परत फिरायच्या.

या वसंतात एल्गिनने अंथरूण धरलं. छातीचं दुखणं. त्याची भाची कोरीन त्याचं करायची, ती एक दिवस दुकानात आली. "मामाला काही जात नाही रे," म्हणाली. "परवा म्हणाला, डीलियाच्या हातचं कॉबलर, पीचवर पिठाचा थर देऊन भाजलेलं, मिळालं तर खाईन. तू विचारून बघ ना. माझी छाती होत नाही."

माझी तरी कुठे होत होती? पण एल्गिन मरणाच्या दारात होता. एकदा डोळे मिटले की मग कुणी कुणाला काय सांगणार! रात्री जेवताना विषय काढला.

"मिस डीलिया, एल्गिन तुमच्या हातचं कॉबलर मागतोय."

"मागू दे."

"जास्त दिवस नाहीयेत त्याचे."

"रोझेलचेही नव्हते. तेव्हा हा कुठे होता?" त्यांनी माझ्या ताटात भाजीचा ढीग टाकला. "खा आणि गप्प बस, जावईबापू. मासे तळणाऱ्याने माशांचं बघावं."

वर्नेलने टेबलाखालून लाथ मारली. मी भाजी खाल्ली, पण राग आला होता. मेलेल्या माणसावरच्या मायेचा सूड जिवंत माणसावर असा उगवायचा असतो का?

सोमवारी दुकान बंद असतं. त्या दिवशी मी मोठी कढई घासायला घेतो आणि रेकॉर्ड लावतो, कारण तेल तडतडत नसतं आणि गाणं नीट ऐकू येतं. त्या सोमवारी सहावं गाणं सुरू व्हायला आणि वर्नेलने आईला दुकानात सोडायला एकच गाठ पडली. तिला गाडीचं टायर बदलायला जायचं होतं. मिस डीलिया मांडीवर पावट्याच्या शेंगांचं पातेलं घेऊन खुर्चीत बसल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं काय वाजतंय ते.

"बंद कर ते."

"माझे हात कोपरापर्यंत तेलात आहेत. तुम्हीच सुई उचला."

"मी? त्याच्या रेकॉर्डला हात लावू?"

"मग ऐका."

त्यांनी दाराकडे पाहिलं. वर्नेल केव्हाच गेली होती. हट्टी बाई. सुईला हात लावण्यापेक्षा ऐकणं परवडलं. शेंगा कटाकट मोडत बसल्या. तिकडे एल्गिन ‘पाहतो तर काय’ म्हणून थांबला. पायाचा ठोका, आणि लांबून ती साखळी.

शेंग मोडायचा आवाज थांबला.

"हे काय आहे?"

"साखळी. हॉलंडचे एक गृहस्थ म्हणत होते की ही आपल्या पूर्वजांची..."

"कसले पूर्वज घेऊन बसलास! ही हर्शेलची साखळी आहे!"

हर्शेल म्हणजे त्यांचा भाऊ. त्याची एक खटारा पिकअप आहे, मागच्या फळीला साखळी लावलेली. "रोझेलच्या शवपेटीमागे आमची गाडी आणि आमच्यामागे हर्शेलचा खटारा, फुलं घेऊन. चर्चपासून कबरस्तानापर्यंत ही साखळी खळ्ळखट, खळ्ळखट. नवऱ्यासाठी रडायचं सोडून मी सगळी वाट भावाला शिव्या घालत होते. ही मला झोपेतसुद्धा ओळखू येईल."

इतकी वर्षं मी ते गाणं ऐकत होतो. त्यात रोझेलची प्रेतयात्रा जात होती.

"म्हणजे तो गाता गाता थांबला," मी म्हटलं. "तुमच्यासाठी. मशीन चालू असताना."

"थांबला तर काय उपकार केले?" त्या फणकारल्या. "प्रेत चाललं की आपल्याकडे सगळेच थांबतात. ट्रॅक्टरवाला इंजिन बंद करतो. छपरावर चढलेला माणूस टोपी काढतो. वाटेने जाणारा परका गाडी कडेला घेतो. तो थांबला नसता तर लोकांनी..."

आणि इथे एल्गिनचा तळहात गिटारच्या लाकडावर पडायला लागला.

मिस डीलियांचं वाक्य तसंच राहिलं. मांडीवरचं पातेलं कलंडलं, पावटे फरशीवर पसरले, त्यांनी पाहिलंही नाही. गाणं संपलं.

"परत लाव."

"हात तेलकट..."

"पुसून ये ना मग, गाढवा!"

मी पुसले. ती जागा शोधून सुई ठेवली. या वेळी त्यांनी डोळे मिटून ऐकलं. साखळी आली, गेली. थापा सुरू झाल्या. एक ठोका, मग दुसरा जरासा मागे राहून. एक, आणि दुसरा मागे राहून.

"हा एल्गिनचा हात नाही," त्या म्हणाल्या.

"मग कुणाचा? ओसरीवर वाजवणारा तो एकटाच होता."

"हा रोझेल आहे. दुसरा ठोका कसा मागे राहतोय ऐक. त्याचा पाय लंगडायचा तसाच ढोलही लंगडायचा. एल्गिन आयुष्यभर त्याला त्यावरून छळायचा. ‘अरे लंगड्या, पायाने लंगड, हाताने कशाला?’ म्हणायचा. स्वतः कधी असं वाजवलं नाही. जमायचंच नाही म्हण." "हा रोझेल चालतोय. माझ्या घराच्या पायऱ्या असाच चढायचा."

मग त्या रडल्या. मोठ्याने, ॲप्रन तोंडाशी धरून. मी फरशीवरचे पावटे गोळा करत बसलो, कारण मलाही रडू येत होतं आणि सासूसमोर रडायची मला सवय नाही.

वर्नेल परत आली तर मिस डीलिया म्हणाल्या, "बाजारात पीच आलेत का बघ."

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना घेऊन गेलो. कोरीनने दार उघडलं आणि वाटेतून बाजूला झाली. एल्गिन उशांना टेकून बसला होता. एवढा उभा-आडवा माणूस, गादीत दिसतही नव्हता. मिस डीलियांनी भांडं टेबलावर ठेवलं. पर्स मांडीवर घेऊन ताठ बसल्या.

"हर्शेलची साखळी ऐकली मी," त्या म्हणाल्या.

एल्गिनने डोळे मिटले. "केव्हा?"

"काल."

"उशीर केलास, डीलिया."

"तू सांगायचं होतंस."

"दारात उभं केलं असतंस?"

"नसतं केलं."

"मग?"

मिस डीलियांनी पर्स मांडीवरून खाली ठेवली.

"तू यायला हवं होतंस, एल्गिन."

"हो."

"मशीनवाले निघून गेले असते तरी."

"हो. यायलाच हवं होतं." मग म्हणाला, "उठणार होतो मी. टोपी काढणार होतो. पाय थांबेना. पाय थांबला की रोझेल खरंच गेला, असं वाटलं."

मिस डीलिया पुढे सरकल्या. चमच्याने कॉबलर मोडलं, फुंकर घातली. "तोंड उघड."

त्याने खाल्लं. चघळत बसला. "साखर कमी आहे."

"मरायला टेकलास तरी खोड्या काढणं जात नाही तुझं!" पण त्यांनी दुसरा चमचा भरला, आणि तोही गेला.

त्यानंतर त्या रोज जात. एकदा मी ऐकलं, त्या विचारत होत्या, "त्या ओळीत पुढे काय होतं रे? दार उघडलं, पाहतो तर काय?" एल्गिनने बराच विचार केला आणि म्हणाला, "आठवत नाही गं. पुढे काहीतरी बाईबद्दल होतं." दोघं खोकेपर्यंत हसली.

पीचचा हंगाम संपायच्या आत तो गेला.

अंत्ययात्रेच्या दिवशी हर्शेल फुलं भरलेला खटारा घेऊन आला. तोही आता म्हातारा. खटाऱ्याला नवा रंग आहे, साखळी तीच. त्याने ती चिंध्या गुंडाळून तारेने घट्ट बांधून आणली होती. बहिणीला मोठ्या ऐटीत दाखवली. "या वेळी आवाज यायचा नाही, डीलिया. मागच्या वेळचं वीस वर्षं ऐकून घेतलंय."

मिस डीलिया गाडीत बसल्या होत्या. काठी टेकत खाली उतरल्या.

"सोड ती."

"अगं, लोक काय म्हणतील? पाद्री..."

"सोड म्हणते ना. वाजू दे."

हर्शेलने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने तार उलगडली, चिंध्या काढल्या.

मी गाडी चालवत होतो, त्या शेजारी. किराणा दुकानाच्या ओसरीजवळ आलो. शेतातल्या ट्रॅक्टरने इंजिन बंद केलं, समोरून येणारा ट्रक कडेला उभा राहिला. ओसरी रिकामी होती. मागे साखळी खळ्ळखट, खळ्ळखट करत येत होती. मिस डीलिया सरळ पुढे बघत होत्या, आणि त्यांचा तळहात मांडीवर ठोका धरून होता. दुसरा ठोका जरासा मागे राहून.