डाव्या चाकामागचा फ्लॅप

"लावायचेत, की नुसतं दर्शन घ्यायचंय?" बापूरावांनी पेपरमधून डोकं वर न काढता विचारलं.

खडकी बाजारातल्या त्यांच्या दुकानात सुखदेव रामटेके सलग तिसऱ्या दिवशी आला होता. तिन्ही वेळा त्याने दारात टांगलेले रबरी फ्लॅप वाकवून पाहिले आणि पुन्हा होते तिथे अडकवले. त्याच्या पिकअपचा मागच्या डाव्या चाकामागचा फ्लॅप एका खड्ड्यात राहिला होता, उजवा निम्माच उरला होता. जुलै चालू होता. रुंदीकरणासाठी औंधचा रस्ता उकरून ठेवलेला, आणि गाडी मागे चिखलाची पिचकारी सोडत चालायची.

"रविवारी गिऱ्हाईक येतंय गाडीला," सुखदेव म्हणाला. "मग कशाला उगाच?"

"मग नका लावू."

"पण नाही विकली तर?"

"तर लावा. आता ह्यात तिसरं काय असतं ते सांगा, तेही आणून ठेवतो दुकानात."

सुखदेव कसनुसा हसला आणि निघाला. फ्लॅप लावले की गाडी ठेवायची ठरली, न लावले तर विकायची ठरली, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. आणि ठरवणं काही त्याच्याच्याने होत नव्हतं.

पिंपरीची कंपनी बंद पडली तेव्हा हातात आलेल्या पैशातून त्याने ही गाडी घेतली होती. मागच्या फळीवर बायकोचं नाव रंगवलं, चंद्रभागा, आणि आठ वर्षं लोकांची कपाटं, फ्रिज, गाद्या वाहिल्या. मग हिंजवडीत काचेच्या इमारती उठल्या, तशा खुर्च्या आणि कॉम्प्युटरची टेबलं वाहिली. त्यातच मुलगा प्रज्ञेश इंजिनिअर झाला आणि त्याच काचेच्या इमारतींपैकी एकीत नोकरीला लागला. आता त्याने तिघांसाठी वारज्याला फ्लॅट घेतला होता. तिथल्या सोसायटीत टेम्पो उभा करायला परवानगी नव्हती. "बाबा, आता बास. आराम करा," असं तो म्हणायचा. सुखदेवची कंबरही तेच म्हणायची. दोघांचं बरोबर होतं, आणि त्याचाच सुखदेवला कंटाळा आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खुर्च्या भरून निघाला. औंधला फुटपाथ खणलेला, त्यामुळे कंपनीच्या बसची वाट पाहणारी पोरं रस्त्याच्या कडेलाच उभी होती. मागून ट्रकने हॉर्न दिला म्हणून सुखदेवने गाडी डावीकडे घेतली. चाक पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गेलं आणि मागे एकदम आरडाओरडा झाला.

"ए चंद्रभागा! आंधळा आहेस का रे?"

आरशात गळ्यात कार्डं घातलेली पाच-सहा पोरं हात फाकवून उभी दिसली. असं झालं की गाडीवाले थांबत नाहीत. सुखदेव थांबला. पाण्याचा कॅन आणि सीटवरचा पिवळा फडका घेऊन तो उलट चालत आला, तेव्हा त्याला दिसलं की त्यातला तिसरा प्रज्ञेश आहे. चंद्रभागेने सकाळी इस्त्री केलेला आकाशी शर्ट, आणि खाली गुडघ्यापर्यंत चिखल. दोघांची नजर भिडली. मग प्रज्ञेश मोबाइलमध्ये पाहू लागला.

"मागे फ्लॅपच नाहीयेत ह्याच्या," ओरडणारा म्हणाला. "लायसन्स देतं कोण ह्यांना?"

"चुकलं साहेब," सुखदेव म्हणाला. "खड्डा दिसला नाही."

त्याने एकेकाच्या ओंजळीत पाणी ओतलं. प्रज्ञेशपाशी आला तेव्हा कॅन निम्मा रिकामा होता, तरी जड लागला. त्याने फडका पुढे केला आणि त्याच आवाजात म्हणाला, "साहेब, पुसून घ्या."

"इट्स ओके, काका," प्रज्ञेश म्हणाला.

त्याने पँट पुसली, फडका परत दिला. तेवढ्यात बस आली.

सुखदेवला राग आला. पोराचा आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. साहेब आधी आपणच म्हणालो, पोराने नुसती री ओढली, असं तो दिवसभर स्वतःला समजावत राहिला. सामानाला लिफ्ट नव्हती. चार मजले खुर्च्या चढवताना प्रत्येक जिन्यावर तो तेच समजावत होता आणि ते त्याला पटत नव्हतं.

संध्याकाळी चंद्रभागेने मोरीत पँट भिजवली. भंडाऱ्याहून येऊन तिला तीस वर्षं झाली होती, बोली तिथलीच होती.

"कोन्या मेल्यानं उडवला एवढा चिखल?"

"एक टेम्पो होता, आई."

"मंग फ्लॅप लावता येत नाही का त्याले? अन् तू काही बोल्ला नाही?"

प्रज्ञेशने हातातला घास ताटात ठेवला. "नाही," तो म्हणाला.

ती भात आणायला आत गेली, तसा तो हळूच म्हणाला, "बाबा, मी सांगणारच होतो त्यांना..."

"बस आली होती," सुखदेव म्हणाला. "जेव."

शनिवारी जेवतानाच त्याने सांगून टाकलं, "गाडी नाही विकत. त्या माणसाला मी फोन केलाय. अजून दोन-चार वर्षं होतील माझ्यानं."

"मंग वारज्याचं कसं?" चंद्रभागा म्हणाली.

"त्याला हायवेनं ऑफिसला सोपं पडंल. तो राहील. आपण इथंच बरे. बुद्धपौर्णिमेला जाऊ की."

आठवडाभरापूर्वी हे म्हटलं असतं तर प्रज्ञेश तासभर भांडला असता. आज त्याने का म्हणूनही विचारलं नाही. मान खाली घालून तो जेवत राहिला. सुखदेवला वाटलं होतं की तो भांडेल. निदान एकदा तरी नको म्हणेल, असं त्याला फार वाटलं होतं.

रविवारी बापूरावांनी शटर वर केलं तेव्हा पिकअप दारात उभी होती.

"दोन्ही लावा," सुखदेव म्हणाला.

"उजाडलं म्हणायचं," बापूराव म्हणाले. त्यांनी फ्लॅपची जोडी काढून फळकुटावर पसरली, पांढऱ्या रंगाचा डबा उघडला आणि ब्रश झटकला. "नाव काय घालू? सगळे पोरांचीच घालतात. तुमच्या मुलाचं प्रज्ञेश ना? एका फ्लॅपवर बसेल. दुसऱ्यावर कमळ काढू."

सुखदेव त्या काळ्या रबराकडे बघत राहिला.

"नको," तो म्हणाला. "तिथं चिखल बसतो."

बापूरावांनी डब्याचं झाकण लावलं, पाना घेतला आणि कोरे फ्लॅप घेऊन ते गाडीमागे उकिडवे बसले.