रडणाऱ्या गाडीची साक्ष

साहेब, खुनी तुम्हाला सापडला नाही, म्हणून तो कोण ते तुम्ही एका मोटारीला विचारू दिलंत. भर सकाळी, काकीच्या अंगणात, शे-सव्वाशे माणसांसमोर. तुम्ही खुर्चीत होता, वर्दीत होता, हातात सरबताचा ग्लास होता. डेंटरच्या बोटांवर पहिला घाव पडला तेव्हा तुम्ही ग्लास खाली ठेवलात. एवढीच काय ती तुमची कारवाई.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगायला हवं.

लाकडाच्या वखारीचे मालक, ज्यांना सगळे थोरले म्हणत, दोन वर्षांपूर्वी वखारीमागच्या रस्त्यावर डोकं फुटलेले सापडले. मारलं कुणी, ते ठाण्याला आजतागायत कळलेलं नाही. मागे राहिली त्यांची बायको, म्हणजे सगळ्यांची काकी, आणि त्यांची पन्नास वर्षांची गंजकी गाडी. काकीने ती दुरुस्तीला काढली. पत्र्याचं काम डेंटरने केलं, गाद्या त्याच्या धाकट्या बहिणीने शिवल्या. तिला सगळे गादीवाली म्हणत. भावंडं आठ महिने खपली. सायीच्या रंगाची गाडी अंगणात येऊन उभी राहिली तेव्हा काकी म्हणाली, "आता ह्यांनी बाहेर येऊन किल्ली मागायची तेवढी राहिली."

मग तीन दिवस पाऊस झाला. पाऊस गेला, कडक ऊन पडलं, आणि त्या उन्हात गाडी आतून गळायला लागली. थोरले जिथे बसायचे तिथेच, स्टिअरिंगच्या खाली, लाल थेंब. टप. टप. शेजारणीने पाहिलं, शेजारणीने सांगितलं, आणि दुपारपर्यंत रांग लागली.

त्या रांगेत थेंबबाबा आला. हे नाव त्याला नंतर पडलं. आधी तो हात बघायचा, त्याच्या आधी टकलावर केस उगवायचं तेल विकायचा. सोबत एक भलाथोरला चेला. बाबाने एक थेंब बोटावर घेतला, डोळे मिटले आणि बोलू लागला. "लोखंडालाही स्मृती असते. प्रत्येक अणूत कंपन आहे. मालकाचं रक्त या पत्र्याला आठवतंय. गाडी रडतेय, मायबाप, न्याय मागतेय." काकीने हात जोडले. दोन वर्षांत तिच्याशी खुनाबद्दल बोलणारं कुणी तरी पहिल्यांदा भेटलं होतं, मग तो भोंदू का असेना.

रोज सकाळी गाडीला 'शांतिस्नान' सुरू झालं. काचेवर चार बादल्या पाणी, वर मंत्र. स्नान झालं की गाडी आणखीच रडायची. लोक म्हणायचे, बघा, माया कशी असते.

डेंटर सहाव्या दिवशी हत्यारांची पेटी घेऊन आला. "काकी, गाडी रडत नाही, गळतेय," तो म्हणाला. "माझ्याच कामात कुठेतरी खोट राहिलीय. मला दोन तास द्या." बाबा जवळच होता. त्याने ते ऐकलं.

सातव्या दिवशी बाबाने गाडीला नावं विचारली. वखारीचा हमाल? गाडी कोरडी. जुना ड्रायव्हर? कोरडी. "आणि जो आठ महिने हिला ठोकत होता, पुरावे रंगाखाली दडपत होता, तो?" चेला भक्तीने विव्हळत मागच्या डिकीवर कोसळला, आणि स्टिअरिंगखालून लाल धार लागली.

गादीवाली दुकानात मशीनवर होती. ती धावत पोचली तेव्हा दादाला बॉनेटवर पालथं पाडलेलं होतं. दोघे पाठीवर बसले होते, एकाने मनगट दाबून धरलं होतं, आणि दादाचाच हातोडा दादाच्या बोटांवर पडत होता. मारणारा अनोळखी नव्हता. त्याच्या टेम्पोचा दरवाजा दादाने मागच्याच महिन्यात सरळ करून दिला होता. तिने त्याच्या दंडाला दात लावले. कुणीतरी तिचे केस धरून तिला मागे ओढलं, तिचं डोकं दाराच्या कडेवर आपटलं आणि ती अर्धी गाडीच्या आत पडली, तिनेच शिवलेल्या ओल्या गादीवर. "साहेब," ती ओरडली, "हात तोडतायत त्याचा." तुम्ही तिच्याकडे पाहिलंत, साहेब. मग घड्याळाकडे पाहिलंत.

जीप गेटात उभी होती. दादाला दवाखान्यात नेलं ते भाजीवाल्याच्या हातगाडीवरून.

डॉक्टरीणबाईंनी दोन बोटं काढली. "हात वाचेल," त्या म्हणाल्या, "पण इथून बाहेर पाऊल टाकू देऊ नका. फाटकात माणसं उभी आहेत."

संध्याकाळी दादा शुद्धीवर आला. पहिला प्रश्न काय, तर "गाद्या फार भिजल्या का गं?"

"गप पड," ती म्हणाली. "बोटांचं विचार की."

"ती गेली. गाद्या तुझ्या आहेत."

ती स्वतःच्या बाहीकडे बघत होती. बाहीवर दोन डाग होते. एक दादाच्या रक्ताचा, तो वाळून काळपट पडला होता. दुसरा त्या ओल्या गादीचा, तो तसाच भगवट, विटेसारखा. गाद्या शिवताना रोज बोटाला सुई लागते. आपल्या रक्ताचा डाग कापडावर कसा काळवंडतो हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"दादा, हे रक्त नाही. गंज आहे."

"मी काय बोंबलत होतो मग?" दादाने डोळे मिटले. "काचेखालची पेटी बघ. बॉनेट आणि काच यांच्यामध्ये जाळी आहे ना, तिच्याखाली. पावसाचं पाणी त्या पेटीत पडतं आणि चाकामागच्या भोकातून खाली जातं. पण घाईने वरून ओतू नकोस. खालून वर चढव. वरून ओतलंस तर सगळं एकदम भिजतं आणि शिरलं कुठून ते कळत नाही."

मारहाण झाल्यावर बाबाने दुसऱ्या दिवसाचा सवाल जाहीर केला होता: खुन्याचा साथीदार कोण? साथीदार म्हणजे गादीवाली, हे सगळ्यांना कळलं होतं. तिलाही. गाडी तिच्या नावाने गळाली की आधी तिची पाळी आणि मग दवाखान्याचं फाटक मोडून पुन्हा दादाची. आठव्या दिवशी सकाळी ती निघाली. हातात रबरी नळी, कमरेला गाद्या शिवायचं हातभर लांब वाकडं दाभण.

तुम्ही आजही अंगणात खुर्चीतच होता, साहेब. लोक बाजूला झाले. कुणी थुंकलं. एक दगड खांद्याला लागला. ती थेट काकीपुढे गेली.

"काकी, मला एक तास गाडी द्या. नंतर मला हवं ते करा."

"ही अशुद्धी आहे," बाबा म्हणाला. "लहरी बिघडतील."

"लहरींना तासभर दम धरायला सांगा."

काकीने तिचा दंड धरला. "मला माझ्या माणसाला कुणी मारलं ते हवंय, पोरी. तू लबाडी केलीस तर मीच तुला यांच्या हवाली करीन."

"करा. पण आत तुम्ही बसा. टॉर्च लावून स्टिअरिंगखाली बघत रहा. दुसऱ्या कुणी सांगितलेलं मी मानणार नाही."

काकी आत बसली. गादीवालीने दारांच्या खालच्या कडेला नळी धरली. "आलं?" "कोरडं." दाराच्या रबरावर. "आलं?" "कोरडं." काचेच्या रबरावर. "नाही." गर्दी कुजबुजायला लागली. कुणीतरी हसलं, "धुऊन दे, पुसून दे, जा घरी." मग तिने नळी जाळीवर धरली आणि चाकामागे वाकून बघितलं. पाच मिनिटं पाणी आत जात होतं, खाली एक थेंब पडत नव्हता.

"आता आलं," काकी आतून म्हणाली.

गादीवालीने पाणी बंद केलं. थोड्या वेळाने थेंबही थांबले. मग ती चेल्याकडे वळली. "महाराज, जरा डिकीवर बसता?"

चेला बाबाकडे बघायला लागला. गर्दीतल्या दोन पोरींनी त्याला ढकलतच नेलं. तो बसला, गाडीची शेपूट दबली, तोंड उचललं.

"धार लागली," काकी म्हणाली.

"उतरा." "थांबली." "बसा." "लागली."

"आता नावं घ्या, काकी. कुणाचंही." काकीने हमालाचं घेतलं. चेला बसला, गाडी रडली. काकीने बाबाचं घेतलं. गाडी रडली. मग काकीने खिडकीतून डोकं काढून, साहेब, तुमचं नाव घेतलं. चेला बसलेलाच होता. गाडीने धाय मोकलली.

त्या वेळी कुणी हसलं नाही.

गादीवाली चाकामागे आडवी झाली. दाभण वर खुपसलं, फिरवलं, रेटलं. सांधे बुजवायच्या लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, एक गोळा सुटला आणि बादलीभर लाल चिखल तिच्या तोंडावर, छातीवर कोसळला. ती तशीच उभी राहिली.

"भोक बुजलं होतं. माझ्या दादाने बुजवलं," ती म्हणाली. "एकही सांधा दिसू नये म्हणून लांबी भरत गेला, त्यात पाण्याची वाटही भरली. ही त्याची चूक. पेटी भरली, गंज भिजला, पाणी लाल झालं. पेटीच्या मागच्या भिंतीत तारांच्या नळीसाठी भोक आहे, त्याच्या जरा खाली पाणी उभं राहायचं. मागे वजन पडलं की पाणी मागे कलतं आणि भोकातून आत सांडतं. उन्हात आटेल म्हटलं तर हे रोज चार बादल्या भरून ठेवत होते. आता बसा डिकीवर, दहाजण बसा."

सहाजण बसले. तिने जाळीत दोन बादल्या ओतल्या. पाणी चाकामागे धो धो पडलं. आतून काकी म्हणाली, "कोरडं."

मग गर्दी चेल्यावर तुटून पडली. कालचाच टेम्पोवाला पुढे होता. चेल्याचे दोन दात मातीत पडले, कान फाटला, तो लोळत ओरडत होता, "मी दमून टेकलो होतो, तेव्हा पहिल्यांदा गळलं. बाबांनी पाहिलं. मला फक्त बस म्हणायचे." गादीवाली मध्ये पडली. तिच्या पाठीत लाथ बसली तरी ती त्याच्यावरून हटली नाही.

"काल विचारलं नाहीत, आजही विचारत नाही आहात," ती धापा टाकत म्हणाली. "आज मी खरं सांगितलं म्हणून तुम्ही याला मारताय. उद्या कुणी खोटं सांगेल आणि तुम्ही तितक्याच जोरात माराल. काल तुमच्यातल्या एकाने तरी वाकून गाडीखाली बघायचं होतं. एवढंच लागतं हो. वाकावं लागतं."

टेम्पोवाल्याने हातातला दांडा टाकला, पण मान वर केली नाही. या धांदलीत बाबा कुठे गेला ते मात्र सगळ्यांनी पाहिलं, साहेब. तो तुमच्या जीपमध्ये बसला आणि जीप गेटाबाहेर गेली.

पाणी कुठून शिरलं ते एका बाईने तासाभरात शोधलं. दोन बोटं घालवलेला डेंटर आता डाव्या हाताने हातोडा धरायला शिकतोय. काकी ठाण्यात जाऊन आली, तीनदा. तिला बाकावर बसवतात आणि साहेब बाहेर गेलेत म्हणतात.

तर साहेब, बाहेरून आलात की सांगा. बाबाला कुठे उतरवलंत? हातोडा मारणाऱ्याचं, मनगट धरणाऱ्याचं आणि पाठीवर बसणाऱ्यांचं नाव तुमच्या वहीत अजून का नाही? ही नावं तुम्हाला ठाऊक आहेत, तुम्ही समोर होता. आणि थोरल्यांना कुणी मारलं, हे शोधायला तुम्ही स्वतः कधी वाकणार आहात? काकी बाकावर बसली आहे. तिला उत्तर द्या.