त्याच घरात, पुन्हा त्याच घरात

मी एक जुना लाकडी घोडा आहे. टांग्याचा नव्हे, बुद्धिबळाच्या पटावरचा, पांढरा. अमडापूरच्या शंकररावांनी सागाच्या तुकड्यातून मला कोरलं, ते त्यांच्या लेकीसाठी, सिंधूसाठी. शाळेत असताना तिला मी कितीतरी डाव जिंकून दिले. पाहुणे मला हातात घेऊन कौतुक करत. पुढं सिंधूची सिंधूताई झाली, दवाखान्यात नर्स म्हणून लागली, आणि मी पडलो पत्र्याच्या डब्यात.

डबा उघडला तो तिच्या भाचीनं, धम्मशीलानं. मला वाटलं, चला, आता खेळ! कसला खेळ, मित्रांनो? कोड्यांचं पुस्तक उघडायचं, चित्रासारखे मोहरे मांडायचे, मला उचलायचं आणि पुढं आपटायचं. एकाच उडीत राजाला शह, वजिरावर हल्ला. शाबास! पुन्हा मांडायचं, पुन्हा आपटायचं. रोज तेच कोडं, तेच घर. शेवटी तर ती पटाकडे बघेनाशीच झाली; पानावरचा चहाचा डाग दिसला की हात आपोआप माझ्यावर. वैताग नुसता!

मग मलकापूरची स्पर्धा आली. मोहरे घरूनच न्यायचे होते, म्हणून मीही गेलो. समोर काजल नावाची मुलगी. नेमका तोच दुहेरी हल्ला पटावर आला, फक्त एक घर बाजूला. मी डोळ्यांसमोर उभा, आणि या बाईंनी हत्ती सरकवला! हरली.

घरी येऊन रडायला लागली. "आत्या, इतक्या वेळा कोडं सोडवलं, मंग काऊन दिसलं नाही मले?"

"पुस्तकात खाली लिहेल असते, पांढऱ्यानं जिंकायचं," सिंधूताई म्हणाल्या. "खेळात कोण सांगते तुले?"

त्यांनी पुस्तक मिटलं. आता त्या स्वतः डाव मांडत. कधी पट उलटा फिरवत, तर कधी असा डाव मांडत की ज्यात काहीच नसे.

"यात तं काहीच नाही!" धम्मशीला चिडे.

"मंग तेच उत्तर हाये."

म्हणजे मी तासन् तास नुसता ताटकळायचं!

पुढच्या वर्षी पुन्हा काजल समोर. जिंकणारी जिल्ह्याच्या संघात जाणार होती. माझी उडी मला लख्ख दिसत होती. उचल ना, मी मनातल्या मनात ओरडलो. तिचा हात माझ्या डोक्यावर आला, थांबला, मागं गेला. हात लावला की तोच मोहरा खेळावा लागतो. अगं, मग लाव ना!

तिनं उंटानं कडेचं प्यादं मारलं. काजलनं शेजारच्या प्याद्यानं उंट गट्टम केला. गेला फुकट, मी म्हटलं. आणि मग मला कळलं. मी ज्या घरात उडी मारणार होतो, त्याच घरावर ते शेजारचं प्यादं इतका वेळ टपून होतं. आता ते हललं होतं.

धम्मशीलानं मला उचललं. शह! वजीर गेला, आणि काजलनं हार मानून हात पुढं केला.

मित्रांनो, आम्हाला रोज मांडा, रोज आपटा, आता माझी तक्रार नाही. फक्त हात लावण्याआधी बघत जा. त्या दिवशी तिनं माझं ऐकलं असतं, तर मी फुकट मेलो असतो.