चिमणाबाई शांत झाली

"चौतीस बायकांना जीव द्यावासा वाटतो? एकाच गावात?" प्रेरणा मॅडमनी टॅब संयोगिताच्या नाकासमोर धरला.

"तसं न्हाय ओ मॅडम. बोलायची रीत हाय ती."

"मग तुम्ही 'हो' का भरलंत?"

"त्या व्हय म्हणाल्या म्हणून."

प्रेरणा मॅडमनी कपाळ चोळलं. उपकेंद्राच्या अधिकारी म्हणून त्या दोन वर्षांपूर्वी आल्या होत्या; वय अठ्ठावीस, संयोगिताच्या भाचीएवढं. संयोगिता चौदा वर्षं गावची आशा सेविका. आजवर लस, गरोदर बायका, डेंग्यूच्या अळ्या असली कामं होती. यंदा मन आलं. घरोघर जाऊन नऊ प्रश्न विचारायचे, प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क. बेरीज दहाच्या वर गेली, किंवा नवव्या प्रश्नाला 'हो' आलं, की टॅब आपोआप मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी काढतो.

नववा प्रश्न होता, 'आपण मरून गेलेलं बरं, असे विचार आले का?' त्यावर एक जण सुनेकडं बघत म्हणाली होती, "रोज दोनदा. जेवणाआधी."

पहिल्या प्रश्नाचंही तसंच झालं. 'कामात रस वाटत नाही का?' असं विचारल्यावर एका म्हातारीनं सर्दीमुळं रस बंद केल्याचं सांगितलं होतं.

"ह्यातल्या तेहतीस तरी खोट्या असणार," मॅडम म्हणाल्या. "परत जा, नीट समजावून विचारा. हा बघा, हा एकच फॉर्म कसा स्वच्छ आहे. नऊच्या नऊ 'नाही'. बेरीज शून्य. कुणाचा आहे?"

संयोगितानं वाकून नाव वाचलं. चिमणाबाई आकाराम.

ती घरी जायला निघाली ती मधेच थांबली.

चिमणाबाईचा आवाज म्हणजे गावातलं घड्याळ होतं. पहाटे म्हशीला शिव्या, सातला डेअरीवाल्याला, आठला नवऱ्याला. संयोगिता दारात दिसली की, "आली बघा गोळ्यावाली. ये गं भवाने, पाय धू आधी." चौदा वर्षांत एकदाही साधं 'ये' म्हटलं नव्हतं. आणि परवा? परवा चिमणाबाई म्हणाली होती, "या. बसा."

बसा!

तेव्हा संयोगिताला बरंच वाटलं होतं. उन्हात तीस घरं फिरल्यावर मान मिळाला तर कुणाला नको असतो? प्रश्न विचारले, चिमणाबाईनं प्रत्येकाला हळू आवाजात "न्हाय, तसं काय न्हाय" म्हटलं, पाच मिनिटांत काम उरकलं. आता रस्त्यात उभं राहून तिला स्वतःचाच राग आला. प्रशिक्षणात तीन दिवस तिनं वही भरून लिहून घेतलं होतं. नैराश्य, चिंताविकार, समुपदेशन. घरी येऊन मोबाईलवर व्हिडिओ बघितले होते, दहावीपर्यंतच्या डोक्याला जेवढं झेपलं तेवढं. आणि समोर बसलेलं माणूस दिसलं नाही.

ती चिमणाबाईच्या घराकडं वळली. सून निशिगंधा अंगणात कपडे वाळत घालत होती.

"आत्या कशा हायत गं?"

"एकदम शांत," निशिगंधा हसली. "लई फरक पडलाय, ताई. भांडण न्हाय, ओरडणं न्हाय. देव पावला बघा."

चिमणाबाईचा नवरा आकाराम ओसरीवर पेपर वाचत होता. "त्या दिवशी ते मार्क घेतलंस न्हवं? किती पडलं आमच्या हिला?"

"शून्य, मामा."

"म्हंजे पास का नापास?"

"दहाच्या वर गेलं की दवाखाना."

"मग झ्याक की." त्यानं पान उलटलं. "चाळीस वर्सांनी घरात शांतता आलीया. तू आता काय उकरून काढू नकोस."

चिमणाबाई आत पलंगावर बसली होती. संयोगिता शेजारी बसली आणि वही उघडली. जीव घाबरा झाला तर आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावं घ्यायला सांगा, असं तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. दुसरं काही सुचेना, म्हणून तिनं तेच केलं.

"मामी, हितं बसून दिसत्यात त्या पाच वस्तू सांगा बघू मला."

चिमणाबाईनं नजर फिरवली. अगदी शहाण्या मुलीसारखं उत्तर दिलं. "भिंत. भिंत. भिंत. भिंत." मग थोडं थांबून, "तुम्ही."

संयोगितानं वही मिटली. तीन दिवस, चहा-बिस्कीट, प्रमाणपत्र. आणि ह्या उत्तराला काय म्हणायचं ते कुणी शिकवलं नव्हतं. तिनं उठून दार लोटलं.

"मामी, शिव्या कुठं गेल्या तुमच्या?"

चिमणाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"शिवी द्यायला समोरचं माणूस आपलं वाटाय पायजे," ती म्हणाली. "मला कोणच वाटंना झालंय. म्हस बी वाटंना."

"कधीपासनं?"

"बेंदूर झाल्यापासनं."

बैलांचा तो सण होऊन तीन महिने झाले होते. ह्या तीन महिन्यांत संयोगिता ह्या दारावरनं किती वेळा गेली असेल.

"दुपारच्याला काय करताय?"

"वैरणीला म्हणून जातो. हिरीच्या काठाला बसतो. पाणी किती हाय बघतो."

"रोज?"

"रोज."

तिच्या आवाजात रडणं नव्हतं, तक्रार नव्हती. डेअरीत दुधाचं फॅट किती लागलं ते सांगावं तसं तिनं सांगितलं. रोज विहिरीवर, एकटी. वहीत लिहिलं होतं, अशा माणसाला एकटं सोडायचं नाही. घाबरायचं नाही, असंही लिहिलं होतं. ते सांगणाऱ्यानं जरा येऊन दाखवावं, असं तिला वाटलं. एका हातानं चिमणाबाईचं मनगट धरून तिनं दुसऱ्या हातानं फोन लावला.

प्रेरणा मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. आवाज एकदम बदलला. "त्यांच्याजवळच थांबा. नवव्याला 'हो' करते, चिठ्ठी काढते." मग टॅबवर बोटांची टकटक. "घेत नाहीये. फॉर्म आधीच पाठवलाय ना, दुरुस्ती उद्या उघडणार म्हणतंय."

"हिर आजच उघडी हाय की, मॅडम."

पलीकडची टकटक थांबली.

"चिठ्ठी नको. कोल्हापूरला घेऊन निघा," मॅडम म्हणाल्या. "तिथं फोन मी करते. आणि संयोगिताताई, त्यांना साखर तपासायला वगैरे सांगून नेऊ नका. खरं सांगा."

चिमणाबाईला खरं सांगणं सोपं गेलं. "मनाचा डॉक्टर हाय, मामी. आतलं दुखणं बघतो. मी येतो संगट." चिमणाबाईनं मान डोलावली आणि ती चप्पल शोधायला लागली. अडलं ते ओसरीवर.

"कागद कुठाय?" आकाराम उभा राहिला. "तूच म्हणालीस शून्य मार्क. कागद दाखव, मग न्हे."

"कागद न्हाय, मामा. मी हाय."

"उद्या गाव म्हणंल, आकारामची बायको येडी झाली."

"म्हणू द्या."

"तुला बोलाय सोपं हाय."

"मामा," संयोगिता म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच न आवरता वर गेला, "ती शांत झाली न्हाय. ती रोज दुपारी हिरीवर बसतीया. तुमी पेपर वाचत बसल्यावर."

निशिगंधाच्या हातातला चिमटा खाली पडला. आकारामनं बायकोकडं बघितलं. चिमणाबाईनं ते नाकारलं नाही. ती नुसतीच उंबऱ्यात उभी होती, चप्पल घालून, शाळेला सोडायला कुणी येईल म्हणून वाट बघावी तशी.

आकारामनं खुंटीवरची टोपी काढली.

दवाखान्यात खिडकीवरच्या माणसानं केसपेपर काढताना विचारलं, "वय?"

"पंचावन्न असंल," आकाराम म्हणाला.

"साठ," चिमणाबाई म्हणाली.

"त्रास किती दिवसांपासून?"

आकारामनं संयोगिताकडं बघितलं. तिनंच सांगितलं, "तीन महिने."

बऱ्याच वेळानं नाव पुकारलं. आतून एक बाई बाहेर आली, चिमणाबाईच्या पाठीवर हात ठेवून तिला आत घेऊन गेली. संयोगिता मागोमाग उठली, तर बाई म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबा, ताई. त्यांना एकटीला बोलू द्या." दार लागलं. संयोगिता परत बसली. हेही वहीत होतं, गोपनीयता म्हणून. तरी मनाला लागलं.

"आत काय सांगत असंल?" आकारामनं विचारलं.

"ते आपल्याला सांगत न्हाईत, मामा."

"मला सांगाय पायजे हुतं तिनं."

संयोगिताच्या तोंडाशी बरंच काही आलं. पेपरबद्दल, शांततेबद्दल, देव पावल्याबद्दल. पण गोळ्यावालीला परवा मिळालेलं 'बसा' तिनंही गोड मानूनच घेतलं होतं.

दुपार भरत आली तशी गर्दी वाढली. कागलकडची दोन माणसं एका म्हाताऱ्याला धरून आली आणि बाकड्यापाशी थांबली. संयोगिता कडेला सरकली. आकाराम सरकला नाही. आपल्या आणि तिच्या मधे पडलेल्या रिकाम्या जागेवर त्यानं तळहात पसरून ठेवला.

"पावणं, जरा सरकता का?"

"माणूस हाय हितं," आकाराम म्हणाला. "आत गेलंय."

मग म्हाताऱ्याकडं बघून तो स्वतः उठला, त्याला आपल्या जागी बसवलं, आणि वाकून, हात तसाच बाकड्यावर ठेवून उभा राहिला.