दत्तक आईची रजा

मधुमेहानं नजर अधू झाली तेव्हा ताराचंद वकिलांनी कोर्टात जाणं सोडलं, निकाल ऐकणं मात्र सोडलं नाही. त्यांची मुलगी अदिती हायकोर्टातच वकिली करायची. रोज सकाळी चहाबरोबर ती नवे निकाल वाचून दाखवी आणि बाबा प्रत्येकावर आपलं मत ठोकून देत.

"विमा कंपनीला चांगलं धरलं. पुढचा?"

"भाडेकरूचा आहे."

"हा अपिलात टिकत नाही. पुढचा वाच वं."

त्या दिवशी पुढचा निकाल दत्तक मुलीच्या आईचा होता. मूल घरी आलं तेव्हा ते किती वयाचं होतं, यावरून आईची रजा नाकारता येणार नाही, असं न्यायमूर्तींनी म्हटलं होतं. मुलाला नव्या घरात रुजायला आई जवळ लागते, मग ते तान्हं असो की चालतं-बोलतं.

बाबांनी चहाची बशी खाली ठेवली.

"जयवंताची केस," ते म्हणाले. "शब्द न् शब्द हाच युक्तिवाद केला होता मी. हरलो."

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. जयवंता एका वसतिगृहात स्वयंपाक करायची. बहीण वारली, म्हणून बहिणीची दोन वर्षांची पायल तिनं रीतसर दत्तक घेतली आणि रजा मागितली. तुम्ही काही बाळंत झाल्या नाही, असं उत्तर आलं. कोर्टानंही तेच धरलं. जयवंतानं नोकरी सोडली. हल्ली शहराच्या टोकाला, हुडकेश्वरला तिची खानावळ होती, एवढं बाबांना ऐकून माहीत होतं.

"चल," ते उठले. "तिले सांगून येऊ."

"बाबा, फोन करू ना."

"फोनवर काय सांगतं? गाडी काढ."

अदितीची त्या दिवशी एकही केस कोर्टाच्या बोर्डावर नव्हती. तिनं स्कूटर काढली. वाटेत बाबा मागून बोलत होते आणि हेल्मेटमुळे तिला त्यातलं निम्मंच ऐकू येत होतं. एक मात्र तिला कळलं. बाबांना भीती वाटत होती. जखम बुजली असेल आणि आपण उगाच खपली काढतोय, अशी.

खानावळीत गर्दी होती. बेसनाच्या पाटोडीच्या रश्श्याचा तिखट वास रस्त्यापर्यंत येत होता. जयवंतानं त्यांना लांबूनच ओळखलं. पिठाचे हात तसेच घेऊन ती धावत आली.

"वकीलसाहेब! किती वाळले तुम्ही! पायल, पाणी आण वं!"

रात्रपाळी करून आलेली पायल नर्सच्या पांढऱ्या कपड्यांतच पाणी घेऊन आली. ती धंतोलीतल्या एका दवाखान्यात होती. बाबांनी बसल्या बसल्या सगळं सांगितलं. मग अदितीनं निकालातला तो परिच्छेद मराठीत करून ऐकवला. शेजारच्या टेबलावरच्या ऑटोवाल्यानं घास हातातच धरला.

"मंग या बाईले रजेचा पगार भेटते का आता?"

"नाही गा. यांची केस कधीचीच संपली," बाबा ओशाळून म्हणाले. "माझं तेव्हा कोणी ऐकलं नाही, जयवंता."

"मी ऐकलं ना," जयवंता म्हणाली. "मी मागच्या बाकावर पायलले मांडीवर घेऊन बसली होती. घरचे सारे म्हणत, दुसऱ्याच्या पोरीपायी नोकरी काहून घालवतं? अन् तुम्ही भर कोर्टात उभं राहून म्हणाले, हीच या पोरीची आई आहे. असं कोणी पहिल्यांदा बोललं होतं. घरी येऊन मी पोटभर जेवली त्या दिवशी."

पायलनं मागून आईच्या खांद्यावर हनुवटी टेकली. "मले तर हिनं आजवर सांगितलंच नाही."

"हिनं?" जयवंतानं तिला कोपरानं ढोसलं. "आईले असं म्हणतेत का वं?"

सगळे हसले. बाबा हसता हसता चष्मा पुसत राहिले, बराच वेळ. मग डॉक्टरांनी मना केलेलं असूनही त्यांनी पाटोडी दोनदा मागून घेतली आणि अदितीनं दुसरीकडे पाहिलं.

तेव्हापासून रविवारी ते हुडकेश्वरला जातात. कोणी पेन्शनचं विचारतं, कोणी सुनेच्या पोटगीचं. बाबा कोपऱ्यातल्या टेबलावर बसून एकेकाला समजावत राहतात. मग जयवंता चुलीपासून ओरडते, "अरे, साहेबाले पहिले जेवू तर द्या!"