मागून कोणी सांगू नये

तिने फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला, केसांवरून हात फिरवला आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, आता बाहेर जा."

"मी कोपऱ्यात बसतो ना. दिसणारसुद्धा नाही."

"खोलीत एकटंच बसायचं, असा बँकेचा नियम आहे."

तो गेला, पण दारामागेच. सवय जाते कुठे? सगळी हयात नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होता हा माणूस. विंगेत उभं राहायचं आणि नट जरा अडखळला की पुढचं वाक्य पुरवायचं. निवृत्त झाला तरी समोरचा श्वास घ्यायला थांबला की हा त्याचं वाक्य पुरं करून मोकळा. दुकानदार, डॉक्टर, व्याही, कोणी म्हणून सुटलं नव्हतं. बायको तर काय, घरचीच.

तिचे पाय मात्र आज जमिनीवर ठरत नव्हते. स्टेशनजवळच्या नव्या हॉटेलने सगळ्या खोल्यांचे पडदे तिला शिवायला द्यायचं कबूल केलं होतं. अट एकच: संध्याकाळच्या आत तिच्या स्वतःच्या नावाचा खाते क्रमांक हवा, नाहीतर काम दुसऱ्या शिंप्याला. एवढं मोठं काम आयुष्यात पहिल्यांदा चालून आलं होतं. आणि बँकेची पायरीही चढायला नको, फोनवर तोंड दाखवलं की खातं तयार. सकाळपासून ती तीनदा आरशात बघून आली होती.

स्क्रीनवर बँकेतली मुलगी आली. नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितलं. सगळं झकास चाललं होतं.

"व्यवसाय?"

ती थांबली. शिवणकाम म्हणावं की टेलरिंग, एवढाच प्रश्न होता.

"गृहिणी," दारामागून कुजबुज आली. प्रॉम्प्टरची कुजबुज ती, थेट बँकेपर्यंत पोचली.

"मॅडम, तुम्हाला मागून कोणीतरी सांगतंय. सॉरी, मला कॉल बंद करावा लागेल. आज अजून एकदाच करता येईल."

तिने दार उघडलं. तो चोरासारखा उभा होता.

"तू अडलीस असं वाटलं गं."

"अडले नव्हते. विचार करत होते." एरवी तिने विषय इथेच सोडला असता. "आता खातं झालं नाही ना, तर हॉटेलात जाऊन तुम्हीच सांगा."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"आता तोंडातून अक्षर काढलं तर नाव बदलेन."

दुसऱ्या वेळी एक गंभीर चेहऱ्याचा तरुण आला. पुन्हा नाव, तारीख, ओळखपत्र. व्यवसाय विचारल्याबरोबर तिने "शिवणकाम" असं ठणकावून सांगितलं.

"खातं कशासाठी उघडताय?"

ती गप्प झाली. दारामागे त्याचा जीव वरखाली व्हायला लागला. एवढं सोपं उत्तर, हॉटेलचे पैसे यायला म्हणून. सांगून टाक ना बाई. त्याने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले.

"दुकान काढायचंय," ती म्हणाली. "बाजारात एक गाळा बघून ठेवलाय. कधीचा."

त्याचे हात खाली आले.

थोड्या वेळाने ती बाहेर आली ती जवळजवळ पळतच. खातं झालं होतं, क्रमांक हॉटेलला गेला होता, उद्या कापड येणार होतं. हे सगळं तिने एका दमात सांगितलं. तिला हसू आवरत नव्हतं.

"गाळा?" त्याने विचारलं. "मला कधी बोलली नाहीस."

"बोलायला सुरुवात खूपदा केली होती."

त्याने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. खुर्ची ओढून तो तिच्यासमोर बसला.

"सांग."

कुठून सुरू करावं ते तिला पटकन सुचेना. तो वाट बघत राहिला.