एकशे अठरा नंबरची डबी

अयोध्या नगरच्या कम्युनिटी हॉलबाहेर चपलांचा ढीग पाहून कुणालाही वाटलं असतं, आत लग्नाची पंगत बसली आहे. आत टेबलावर होती लाडवाएवढी एक काळी डबी. पांढऱ्या लॅबकोटावर भगवी शाल पांघरलेले अणुनाथ महाराज तिच्याकडे बोट दाखवून गर्जत होते, "भक्तजनो, इसमें है एक सौ अठारहवाँ तत्त्व! दुनिया का सबसे भारी! वैज्ञानिकों ने पिछले साल नाम रखा, हमारे गुरुजी के पास त्रेतायुग से है! पुण्यवान उठाए तो फूल, पापी उठाए तो पहाड़!"

गोष्ट २०१७ सालची. त्या नव्या मूलद्रव्याचं नाव पेपरात येऊन जेमतेम काही महिने झाले होते. महाराजांनी पेपर वाचला होता, भक्तांनी नव्हता.

तिसऱ्या रांगेत भालचंद्र काळमेघ बसले होते. मूळचे अमरावतीचे, इथे हिंदी मुलखात टाऊनशिपच्या वीजयंत्रांच्या कारखान्यात चौतीस वर्षं क्रेन चालवून निवृत्त झालेले. जनित्राचा दोनशे टनांचा रोटर ते असा ठेवत, जसं झोपलेलं बाळ पाळण्यात ठेवावं. शेजारी बसलेल्या वसुधाबाईंनी त्यांना कोपरानं ढोसलं. "अहो, जा की. तुमचं आयुष्य गेलं उचलण्यात."

त्यांच्या आधी एका म्हाताऱ्या आजींनी डबी दोन बोटांत उचलली. टाळ्या पडल्या. मग काळमेघांनी हात घातला. डबी हलेना. दोन्ही हातांनी ओढली, पाय टेबलाला रोवला, चष्मा खाली पडला. डबीतून "हूंऽऽ" असा आवाज येत होता.

"सुनो, सुनो! तत्त्व का ओंकार!" महाराज म्हणाले. "पापी को देखकर तत्त्व ॐ बोलता है!"

सगळा हॉल "अरेरे" म्हणाला.

घरी पोचल्यावर दार लावून वसुधाबाईंनी विचारलं, "काय केलंत तुम्ही?"

काळमेघांनी खूप आठवलं. "एकोणनव्वद साली कँटीनचा चमचा डब्यात राहून घरी आला होता. आणि एकदा ओव्हरटाइम सांगून मॅटिनीला गेलो होतो."

"कुणाबरोबर?"

"दत्तूबरोबर गं! आमचा फिटर!"

इथवर हसण्यावारी गेलं असतं. पण वसुधाबाईंना बारा वर्षांपासून मधुमेह होता, आणि महाराजांनी सगळ्या भक्तांना डबी बुडवलेलं पाणी एकवीस दिवस घ्यायला सांगितलं होतं. वर एक पथ्य दिलं होतं: गोळी घ्यायची नाही, सुई टोचायची नाही, त्यानं तत्त्व रुसतं. इन्सुलिन फ्रिजच्या दारात पडून राहिलं. पाचव्या दिवशी वसुधाबाईंना उठता येईना, तहान भागेना. साखर निघाली चारशे बारा.

"तुमच्या पापामुळं पाणी लागू पडत नाहीये," त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. "आधी ते फिटू दे. सुई मी घेणार नाही."

काळमेघ तडक शेजारच्या सुचेता फडणीसांकडे गेले. त्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत.

"बाई, ते एकशे अठरा नंबरचं खरंच असतं का हो?"

"असतं ना, काका. म्हणजे असतं आणि लगेच नसतं. रशियात कॅलिफोर्नियम नावाच्या जड धातूवर कॅल्शियमच्या अणूंचा महिनोन्‌महिने मारा केला, तेव्हा कुठे एखादा अणू तयार झाला. सगळे मिळून पाच-सहा. किलो नव्हे, अणू! आणि तेसुद्धा सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत मोडून जातात. महाराजांनी 'भक्तजनो'मधला 'भ' उच्चारेपर्यंत खेळ खलास."

"पण भारी आहे ना?"

"एका अणूच्या मानानं भारी. पाच-सहा अणू म्हणजे धुळीच्या कणाचीही बरोबरी नाही. डबीत भरून ठेवायला उरतंय काय?"

"मग मला ती उचलता का आली नाही?"

"ते मी कसं सांगू? उचलण्यातले जाणकार तुम्ही."

काळमेघ एकदम उभेच राहिले. "बाई, टेबल प्लायवूडचं होतं! एक पाय वाकडा. जी वस्तू माझ्यानं हलत नाही, तिचं वजन ते टेबल कसं पेलतं? आणि तो ओंकार! अहो, तसला ओंकार मी ट्रान्सफॉर्मरजवळ चौतीस वर्षं ऐकलाय. चला माझ्याबरोबर!"

संध्याकाळच्या सत्संगात विजय बोकडे नावाचे एक क्लार्क पापी ठरत होते. घामाघूम होऊन डबी ओढत होते, डबी हुंकार देत होती. काळमेघ थेट पुढे गेले.

"महाराज, टेबल राहू द्या. डबी माझ्या तळहातावर ठेवा."

"हाथ टूट जाएगा, बेटा!"

"टेबल नहीं टूटा, तो हाथ क्या टूटेगा?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. काळमेघांनी नोटीस बोर्डवरच्या टाचण्या मुठीत आणल्या होत्या, त्या डबीभोवती सोडल्या. टाचण्या पडल्या नाहीत. टेबलावर ताठ उभ्या राहिल्या, साळिंदराच्या काट्यांसारख्या.

"ये भी पापी हैं क्या?" सुचेताबाईंनी विचारलं.

महाराजांचा पाय गडबडीनं गालिच्यावरून सरकला. हुंकार थांबला, टाचण्या आडव्या झाल्या, आणि बोकडे डबीसकट मागच्या मागे कोसळले. काळमेघांनी टेबलाचं कापड ओढलं. खाली लोखंडी गाभ्यावर तांब्याच्या तारेची जाडजूड गुंडाळी होती, म्हणजे विजेवर चालणारं चुंबक. तिची वायर गालिच्याखालून महाराजांच्या खडावांपाशी, पायानं दाबायच्या बटणात गेली होती. डबी साध्या लोखंडाची निघाली आणि आतून रिकामी.

"गुंडाळी मात्र झकास आहे," काळमेघ म्हणाले. "अशा कामाला आमच्याकडे पगार मिळायचा, महाराज. पाया पडून घ्यावं लागत नव्हतं."

बोकड्यांनी पोलिसांना फोन लावला. काळमेघ थांबले नाहीत, टाचण्या नि बटण वायरसकट उचलून घरी धावले. पलंगाशेजारी बसून त्यांनी सगळं सांगितलं. वसुधाबाईंनी बटण दोनदा दाबून पाहिलं. मग सुईसाठी दंड पुढे केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात नेहमीपेक्षा लांब रांग होती. रक्तदाबाच्या गोळ्या सोडलेले, थायरॉइडच्या सोडलेले, सगळे एकमेकांची नजर चुकवत, आपण सहज आल्यासारखे उभे होते. वसुधाबाईंना बाकावर बसवून काळमेघ रांगेकडे वळले.

"अहो, माना कसल्या खाली घालताय? फसणं हा गुन्हा नाही, मीही फसलो. पण पुढच्या वेळी कुणी गोळी बंद कर म्हणालं, तर तिथल्या तिथं विचारा, का? कशावरून? दाखव बरं! राग आला त्याला तर येऊ द्या. खरं सांगणाऱ्याला प्रश्नाचा राग येत नाही."

आतून कंपाउंडरनं हाक मारली, "पहला नंबर कौन?"

"मी," कुणी पुढे होईना असं पाहून वसुधाबाई म्हणाल्या, आणि उठल्या.